छपराचे दोर

समुद्र बावीस किलोमीटर लांब, तरी मंगळवारी सकाळी कासिमिरोच्या अंगणावर समुद्राचे पक्षी घिरट्या घालू लागले. काळेभोर, कात्रीसारख्या शेपटीचे. ते इतक्या आत कधी येत नसत. कासिमिरोनं वर पाहिलं, कॉफीचा पेला उंबऱ्यावर ठेवला आणि सुनेला हाक मारली.

"ओदालिस, बंद कर तो रेडिओ. बॅटरी वाचव. आता ती बाई काही वेगळं सांगायची नाही."

"उद्या दुपारी म्हणतायत, बाबा."

"दुपारच्या आधी. पक्ष्यांना तिच्यापेक्षा जास्त कळतं."

कासिमिरो एकोणऐंशी वर्षांचा होता आणि पिनार देल रिओ प्रांताच्या त्या तांबड्या मातीत त्यानं अशी सहा वादळं पाहिली होती. तरुणपणी त्याच्या डोळ्यांदेखत एका उडत्या पत्र्यानं शेजाऱ्याच्या घोडीचं मुंडकं उडवलं होतं. ती घोडी मुंडक्याशिवाय चार पावलं चालली, असं तो सांगे. म्हणून त्यानं पहिलं काम तेच सांगितलं. स्वयंपाकघरावरचे पत्रे उतरवायचे आणि बांधावर उताणे टाकून वर धोंडे रचायचे.

ओदालिस शिडीवर चढली. ती चव्वेचाळीस वर्षांची, बारीक चणीची बाई. तिचा डावा हात कोपरातून पुरता सरळ होत नसे. दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यानं, रुबिएलनं, कॉफी कुटायच्या मुसळानं तो मोडला होता. त्याच आठवड्यात तो ला कोलोमा बंदरावरच्या एका बाईच्या घरी राहायला गेला, मासेमारीच्या बोटीवर लागला. मागे राहिली सून आणि सासरा, दोन बैल, एक डुक्कर आणि तंबाखूची शेती. कासिमिरोनं मुलाचं नाव त्यानंतर घरात काढलं नाही. त्या हातानं खिळे उपटता येत नव्हते म्हणून ओदालिस पहारीनं पत्रे उचकटत होती, आणि म्हातारा खालून एकेक पत्रा ओढून नेत होता.

दुपारी तिनं डुक्कर मारलं. वादळानंतर पंधरा दिवस चूल पेटेल की नाही, बाजार भरेल की नाही, सांगता येत नव्हतं. मांस तळून त्याच्याच चरबीत बुडवून डब्यांत भरलं की महिनाभर टिकतं. कासिमिरोनं मागचे पाय धरले, तिनं गुडघा मानेवर रोवला आणि सुरा पुढच्या डाव्या पायामागे आत घातला. पहिला वार बरगडीला अडला. डुक्कर माणसासारखं किंचाळलं, उसळलं आणि दोघांना घेऊन चिखलात लोळलं. दुसरा वार काळजात गेला. रक्ताची धार तिच्या छातीवर आली, तोंडावर आली. डुक्कर शांत होईपर्यंत ती त्याच्या अंगावर तशीच पडून राहिली.

"तुझा हात अजून थरथरतो," म्हातारा म्हणाला.

"थरथरला तरी पोचला ना जागेवर."

संध्याकाळपर्यंत त्यांनी छपरावर दोर टाकले. घर फळ्यांचं, वर झावळ्यांचं उतरतं छप्पर. बैलांच्या ओढकामाचे घायपाताचे जाड दोर होते, ते आठ ठिकाणी छपरावरून पलीकडे फेकायचे, दोन्ही बाजूंना जमिनीत पुरलेल्या खुंटांना ताणून बांधायचे. बैलांची वेसण काढून त्यांना उघड्या माळावर हाकलून दिलं. झाडाखाली बांधलेला बैल हातचा गेला, हे ओदालिसला आता सांगावं लागत नव्हतं. विहिरीवर फळ्या ठोकल्या. कोंबड्या पाय बांधून टोपलीत घातल्या.

राहायचं मात्र घरात नव्हतं. घरामागे कासिमिरोच्या बापानं बांधलेली भुईखोप होती. तिला भिंती नाहीतच. दोन बाजूंचं छप्पर थेट जमिनीत उतरलेलं, लाकडं हातभर खोल पुरलेली, पुढं वाकून शिरावं लागेल एवढं झापाचं दार. वाऱ्याला धरायला तिथं काही सापडत नाही, तो वरून घसरून जातो. कासिमिरो सहाही वादळांत तिच्यात बसला होता.

बुधवारी उजाडलं तेव्हा आकाश पिवळं होतं आणि वारा थांबून थांबून येत होता. ओदालिस खोपीत पाण्याचे डबे नेत होती. फाटकाशी कुणीतरी उभं राहिलेलं तिला दिसलं. खांद्याला पिशवी, हातात रमची बाटली. पोट सुटलं होतं, दाढी वाढली होती. पण उभं राहण्याची ती पद्धत तिनं लांबूनच ओळखली, आणि तिचं कोपर आपोआप पोटाशी आलं.

"काय बघतेस भूत बघितल्यासारखं?" रुबिएल म्हणाला. "बंदर रिकामं केलंय सरकारनं. सगळ्यांना शाळेत नेऊन कोंबतायत, एका वर्गात चाळीस माणसं. म्हटलं, मला घर आहे."

"तुझ्या त्या बाईलाही घर होतं."

"ती गेली भावाकडे." तो हसला. "भावाच्या घरात जागा कमी म्हणे."

कासिमिरो दारात आला. त्यानं मुलाकडे बराच वेळ पाहिलं. वाऱ्याचा एक झोत आला, अंगणातली केळ कंबरेत मोडून आडवी झाली. अशा दिवशी कुत्र्यालाही फाटकाबाहेर काढवत नाही. म्हातारा बाजूला सरकला.

"बाटली बाहेर ठेव," एवढंच तो बोलला.

रुबिएलनं बाटली बाहेर ठेवली नाही, पण कामाला हात घातला. आणि खोटं कशाला सांगायचं, त्याच्यासारखं काम त्या पंचक्रोशीत कुणाला येत नव्हतं. तो छपरावर मांजरासारखा चढला. ओदालिसनं बांधलेल्या गाठी पाहून त्यानं नाक मुरडलं, सगळ्या सोडल्या आणि खलाशांच्या गाठींनी पुन्हा बांधल्या. दोर असे ताणले की बोटानं छेडले तर वाजावेत. घराचा उत्तरेकडचा कोपरा कलला होता, तिथं त्यानं टेकू दिला. तासाभरात त्यानं दोन माणसांचं दिवसभराचं काम केलं.

"वादळात घरात पुरुष पाहिजे," तो वरून ओरडला. "म्हातारा आणि लुळी बाई. तुमचं काय झालं असतं?"

ओदालिसनं पाण्याचा डबा उचलला. पण त्या ताणलेल्या दोरांकडे पाहून तिला बरं वाटलं होतं, आणि बरं वाटल्याचा तिला राग आला होता.

दहाच्या सुमाराला पाऊस सुरू झाला. तो वरून पडतच नव्हता, आडवा येत होता, सुया टोचाव्यात तसा. खोपीत न्यायच्या वस्तू ती घरात गोळा करत होती. चादरी, काडेपेट्या, मांसाचे डबे, करिदादच्या देवीची वीतभर मूर्ती, आणि कागदपत्रांची पत्र्याची पेटी. पेटी पलंगाखाली होती. ती डबे ठेवून परत आली तेव्हा रुबिएल पलंगावर बसलेला होता, पेटी उघडी, बाटली निम्म्यावर. शिधापत्रिका आणि जन्मदाखले ओल्या जमिनीवर पडले होते. त्याच्या हातात एकच कागद होता.

"हे काय आहे?"

तिला ते काय आहे ते ठाऊक होतं. गेल्या वर्षी कासिमिरो तिला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेला होता.

"बाबांना विचार."

"तुला विचारतोय. माझ्या आजानं ही जमीन नांगरली. माझ्या आजानं. आणि इथं लिहिलंय घर ओदालिसचं, जमीन ओदालिसची. म्हाताऱ्याला काय खायला घातलंस? की त्याच्या अंथरुणात जाऊन झोपलीस?"

"जमीन जो कसतो त्याच्या नावावर आहे. तू दोन वर्षं मासे पकडत होतास."

त्यानं पेटी उचलली आणि तिच्या तोंडावर मारली. पेटीचा कोपरा भुवईवर बसला आणि कानापर्यंत फाडत गेला. ती भिंतीवर आपटली. दुसऱ्यांदा मारली तेव्हा तिनं हात आडवा घातला, मोडलेलाच हात. तिसऱ्यांदा त्यानं पेटी टाकून दिली आणि लाथ मारली. तिच्या डाव्या डोळ्यात रक्त भरलं, घर अर्धंच दिसू लागलं. मग तो थांबला, कारण त्याला आणखी काही सुचलं होतं. खुंटीवरचा कोयता त्यानं काढला.

"माझं घर नाही ना? ठीक आहे. मग माझे दोरही नाहीत."

तो बाहेर गेला.

आधी तिला कळेना. मग वरून टण्णकन आवाज आला, गिटारीची तार तुटावी तसा, आणि डोक्यावरचं छप्पर एका बाजूनं वीतभर उचललं जाऊन पुन्हा खाली बसलं. तिला कळलं. ती उठली, भिंत धरून बाहेर आली.

तो शिडीवर उभा होता. पाऊस त्याला झोडपत होता आणि तो आपणच तासाभरापूर्वी ताणलेले दोर एकेक करून तोडत होता, ओरडत होता, रडतही होता बहुतेक. एक गेला होता, दुसरा गेला. कापलेलं टोक चाबकासारखं फिरून त्याच्याच गालावर बसलं, त्याचंही त्याला भान नव्हतं.

ओदालिसनं शिडी धरली आणि हलवली. त्यानं खाली न बघता कोयत्याची चपटी बाजू तिच्या खांद्यावर हाणली. ती गुडघ्यावर आली. त्यानं तिसऱ्या दोरावर कोयता उगारला, आणि तेवढ्यात कासिमिरो घराच्या कोपऱ्यावरून आला. त्याच्या हातात पहार होती. म्हातारा पळत नव्हता, त्याला पळता येत नव्हतं. तो वाऱ्यात वाकून चालत आला, शिडीपाशी थांबला, दोन्ही पाय नीट रोवले आणि खुंटावर घण घालावा तशी पहार मुलाच्या नडगीवर घातली.

हाड मोडल्याचा आवाज वाऱ्यातही ऐकू आला. रुबिएल उताणा पडला. कोयता चिखलात गेला. तो उठायला बघू लागला तेव्हा म्हाताऱ्यानं पहारीचं टोक त्याच्या छातीवर टेकवलं आणि अंगाचा भार दिला.

"दोर आण," तो सुनेला म्हणाला. "त्यानं कापलाय तोच."

तिनं आणला. ती त्याच्या पोटावर बसली, काल डुकराला दाबून धरलं होतं तसं त्याला दाबलं, आणि तिनं त्याचे दोन्ही हात एकत्र ओढून बांधले. तो तिच्या तोंडावर थुंकला. तिनं पाय बांधले, मोडलेला आणि धड, दोन्ही एकत्र. तो किंचाळला. तिनं गाठ आणखी आवळली. आवळताना तिला वाईट वाटलं नाही, हे तिनं पुढं कधी लपवलं नाही.

वाऱ्याचा आवाज एव्हाना बदलला होता. मघाशी तो झोतानं येत होता, आता सलग येऊ लागला, खालच्या सुरात, डोंगरामागून आगगाडी यावी तसा, आणि ती आगगाडी संपत नव्हती. माळावरचे उंच राजपाम एकाच बाजूला वाकले होते. कोठाराची एक फळी निघाली आणि त्यांच्या डोक्यावरून पक्ष्यासारखी गेली.

"चल खोपीत," कासिमिरो म्हणाला.

"आणि हा?"

म्हाताऱ्यानं मुलाकडे पाहिलं नाही. "राहू दे इथंच."

रुबिएलनं ते ऐकलं. "बाबा," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "बाबा, मी मरेन."

"राहू दे," म्हातारा पुन्हा म्हणाला आणि चालू लागला. चार पावलांवर जाऊन थांबला. वारा त्याला ढकलत होता, तरी तो पुढं जाईना, मागंही येईना.

ओदालिसनं ते पाहिलं. खाली पडलेल्या माणसाबद्दल तिला काहीच वाटत नव्हतं. पण तो म्हातारा उद्या सकाळी तिच्यासमोर कॉफी प्यायला बसणार होता, परवाही, आणि तिला त्याच्या तोंडाकडे बघावं लागणार होतं.

"बाबा, तुम्ही खांदे धरा," ती ओरडली. "मी पाय धरते."

नव्वद किलोचा माणूस त्यांनी चिखलातून ओढत नेला. मोडलेली नडगी धोंड्यांना लागत होती आणि तो बेशुद्ध होऊन पुन्हा शुद्धीवर येत होता. दोनदा वाऱ्यानं तिघांनाही आडवं पाडलं. खोपीच्या दारातून त्याला पोत्यासारखं आत लोटलं आणि मागून झाप ओढून घेतला.

आत अंधार, कोंबड्यांचा वास आणि तीन माणसं. बसलं तर डोकं वरच्या लाकडाला लागेल एवढी उंची. ओदालिसनं चादरीची पट्टी फाडून कपाळाला बांधली. मग बाहेर जे सुरू झालं त्याला ती आवाज म्हणायला तयार नसे. तो कानात येतच नव्हता, दातांत येत होता. खोपीचं छप्पर श्वास घेतल्यासारखं फुगायचं, बसायचं. बाहेर काहीतरी मोठं उन्मळून पडलं आणि जमीन हादरली. कुठूनतरी आलेली तुळई छपरावर आदळली, सरकत गेली. एक बैल हंबरला, अगदी जवळ. मग हंबरायचा थांबला.

साडेबाराच्या सुमाराला दाराचा झाप गेला. म्हणजे खालची काठी तुटली आणि झाप बाहेरच्या बाजूला फडफडू लागला, वरच्या दोरीवर लोंबकळत. वारा आत शिरला. आत शिरलेला वारा छप्पर वर उचलतो, हे म्हाताऱ्यानं तिला खोप पहिल्यांदा दाखवली तेव्हाच शिकवलं होतं. पुरलेली लाकडं जमिनीत करकरू लागली.

दोघांनी मिळून झाप आत ओढला. दोरी होती, पण ती बांधायला काही जड नव्हतं. मातीत खुंट टिकेना. कासिमिरोनं दोरी कंबरेला गुंडाळली, पण वाऱ्यानं त्याला दारापर्यंत फरफटत नेलं. त्याचं वजन पन्नास किलोही नव्हतं.

ओदालिसनं अंधारात मागे पाहिलं. मग तिनं दोरी म्हाताऱ्याच्या कंबरेची सोडली आणि सरपटत जाऊन रुबिएलच्या काखांखालून घेतली, दोन वेढे दिले, गाठ मारली. त्याला वळवून त्याचे बांधलेले पाय दाराच्या चौकटीच्या लाकडाला टेकवले.

"काय करतेस?" तो ओरडला. "पाय मोडलाय माझा. ए, काय करतेस?"

"धड पायानं रेटा दे. दार गेलं तर तूही जाशील."

"हात सोड. हात सोडलेस तर नीट धरतो."

"हाताशिवाय धर."

झाप ओढला जाई तेव्हा दोरी त्याच्या छातीत रुते. तो देवाला, आईला, तिला, सगळ्यांना शिव्या देत होता. मग शिव्या संपल्या आणि तो नुसता ओरडू लागला, मग तेही संपलं. पण त्यानं धड पाय रोवला होता. दार राहिलं. सव्वा तास त्याच्या वजनावर ती खोप जमिनीला धरून राहिली.

आणि मग सगळं थांबलं. कुणी कळ दाबावी तसं. कोंबडी कलकलली तेही मोठ्यानं वाटलं.

"वादळाचा डोळा," कासिमिरो कुजबुजला. "वीस मिनिटं. फार तर अर्धा तास. मग उलट्या बाजूनं येईल."

ओदालिस बाहेर आली. वर निळं आकाश होतं, वर्तुळासारखं, आणि ऊन पडलं होतं. माळावर एकही पाम उभा नव्हता. तंबाखूचं कोठार नव्हतं. ते कुठं होतं हे सांगायला चार खांबांची बुडं तेवढी होती. काळा बैल बांधापाशी पडला होता आणि त्याच्या पोटात फळी घुसली होती.

पण घर उभं होतं. जिथले दोन दोर कापले होते त्या उत्तरेच्या कोपऱ्यावर छप्पर उचललं गेलं होतं आणि आढ्याचं लाकूड बाहेर आलं होतं. बाकीचे सहा दोर ताठ होते. त्या गाठी एक केसभर ढळल्या नव्हत्या.

ती परत खोपीत शिरली तेव्हा रुबिएलनं तिच्या तोंडावरूनच ओळखलं.

"उभं आहे ना?" तो म्हणाला. ओठ फाटलेले, आवाज बसलेला. "ऐक. उत्तरेचा कोपरा गेला असेल. मला फक्त हात मोकळे दे. चालायला नको, शिडीपाशी ओढत ने. दोन गाठी मारतो. दहा मिनिटं लागतील. तुला नाही जमायचं, तुझ्या त्या हातानं गाठ बसत नाही. म्हाताऱ्याला तर नाहीच."

तो खोटं बोलत नव्हता. ते तिला कळत होतं. तिनं कासिमिरोकडे पाहिलं.

"घर तुझं आहे," म्हातारा म्हणाला. "तू ठरव."

तिनं पाण्याचा डबा घेतला, रुबिएलचं डोकं मांडीवर उचललं आणि त्याला पाणी पाजलं. तो घटाघटा प्यायला. पिऊन झाल्यावर म्हणाला, "शहाणी आहेस. सोड आता."

"नाही."

"जाईल ते घर."

"जाऊ दे."

"ओदालिस, मी बांधलेलं आहे ते. बघितलंस ना तू, किती छान बांधलेलं."

"बघितलं," ती म्हणाली. "कापतानाही बघितलं."

तिनं दोन काठ्या घेतल्या आणि चादर फाडून त्याच्या नडगीला बांधल्या. मग झापाला नवी काठी घातली, दोरी तपासली आणि त्याच्या छातीवरचे वेढे थोडे खाली सरकवले, म्हणजे श्वास घेता येईल. तोवर ऊन गेलं होतं.

दुसरी बाजू पहिलीपेक्षा वाईट होती. वारा दक्षिणेकडून आला आणि पहिल्या वाऱ्यानं जे हलवून ठेवलं होतं ते सगळं त्यानं उचललं. सुरुवातीच्या पाऊण तासातच त्यांनी घर जाताना ऐकलं. आधी दोर तुटले, एकामागून एक, सहा वेळा. मग छप्पर. मग फळ्या निघाल्या, पत्ते पिसावेत तशा. कासिमिरो त्या घरात जन्मला होता. त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले. ओदालिसनं त्याच्या पाठीवर स्वतःचं अंग टाकलं आणि रुबिएल दारापाशी दातओठ खात पाय रेटत राहिला, कारण त्याला जगायचं होतं.

सहाच्या सुमाराला नुसता पाऊस उरला.

बाहेर आल्यावर त्यांना आधी कळेचना कुठं बघायचं. उंबरा होता. सिमेंटची जमीन होती, वर पाणी. पलंगाची लोखंडी चौकट रस्त्यापलीकडे मोठ्या धोंड्याला गुंडाळली गेली होती. कासिमिरो उंबऱ्यावर बसला. ओदालिस खोपीत गेली, झापाची दोरी सोडली, पायांची सोडली. कोयता तिनं चिखलातून शोधून काढला होता. हातांची दोरी तिनं त्याच्यानं कापली आणि कोयता हातातच ठेवला.

रुबिएल बाहेर सरपटत आला. त्यानं रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"दहा मिनिटं लागली असती," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

त्यानं बापाकडे पाहिलं. म्हातारा पावसात बसला होता आणि त्याचे डोळे मुलाच्या नडगीवर होते. शेजारची मिग्दालिया आणि तिचे दोन भाऊ जिवंत माणसं शोधत आले तेव्हा हे तिघं असेच होते. भावांनी रुबिएलला एका दारावर घातलं आणि रस्त्यापर्यंत उचलून नेलं. जाताना त्यानं मागं पाहिलं नाही, निदान ओदालिसला तरी तसं दिसलं नाही.

"घर गेलं तुझं," मिग्दालिया म्हणाली. "आमचं अर्धं आहे. चला, म्हाताऱ्याला घेऊन चला. अर्ध्यात सगळे मावू."

दुसऱ्या दिवशी ओदालिस चालत दवाखान्यात गेली. दवाखान्याचं छप्परही गेलं होतं, डॉक्टरीण आणि परिचारिका बाहेर आंब्याच्या बुंध्यापाशी टेबल मांडून बसल्या होत्या. रांग फाटकाबाहेर गेली होती. परिचारिका वही घेऊन प्रत्येकाला काय लागलं ते विचारत होती आणि उत्तराची वाट न बघता लिहीत होती, कारण उत्तर सगळ्यांचं एकच होतं. पत्रा. फांदी. फळी. पत्रा.

ओदालिसची पाळी आली. परिचारिकेनं तिच्या कपाळाची पट्टी सोडली, जखम पाहिली.

"पत्रा," ती लिहीत म्हणाली.

"नाही. नवऱ्यानं मारलं. कागदांच्या पेटीनं."

परिचारिकेनं मान वर केली.

"वादळाच्या आधी की वादळात?"

"आधी. तासभर आधी. ते खोडा आणि नीट लिहा. माझं नाव आणि त्याचं, दोन्ही."

परिचारिकेनं खोडलं, नवं लिहिलं आणि वही तिच्यापुढं सरकवली. ओदालिसनं ते सावकाश वाचलं. डॉक्टरीणबाईंनी सुई उकळत्या पाण्यातून काढली. भूल द्यायचं औषध सकाळीच संपलं होतं, असं त्या म्हणाल्या. चौदा टाके पडले.

ती परतली तेव्हा कासिमिरो मिग्दालियाच्या अंगणात बसून वाकलेले खिळे दगडावर सरळ करत होता. जवळ त्यांचा ढीग झाला होता.

"तो कुठं आहे?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"शहरातल्या इस्पितळात नेलंय. पाय जोडतील म्हणाले. बाबा, मी लिहून दिलंय. पोलीस येतील विचारायला. तुम्हालाही विचारतील."

म्हाताऱ्यानं एक खिळा उचलला, फिरवून पाहिला, दोनदा ठोकला.

"येऊ देत," तो म्हणाला. "पहार मी मारली, तेही सांगेन." मग पुढचा खिळा दगडावर ठेवत म्हणाला, "लाल बैल सापडलाय. नदीच्या पलीकडे उभा आहे, कुणाला जवळ येऊ देत नाही. तू हाक मारलीस तर येईल."

ती तशीच वळली आणि नदीकडे गेली.